तीन बाजू आणि एक पिशाच

भास्कराचार्य एरवी मोठे रसिक. गणित घालताना ते कमळं, भुंगे, हंस, मोर असा सगळा गोतावळा जमवतात. पण ‘लीलावती’त एका जागी त्यांचा पारा चढलेला दिसतो. लंब किंवा कर्ण यांतलं एकही माप न देता, नुसत्या चार बाजू सांगून जो चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच. आणि जो उत्तर द्यायला बसतो तो त्याहून मोठा पिशाच, असं ते लिहून मोकळे होतात. ११५० सालचा ग्रंथ आहे. भूमितीत शिवी कशाला आली, हे कोडं मला बरेच दिवस सोडत नव्हतं. आता वाटतं, त्रिकोणाचं सगळं माहात्म्य त्या एका शिवीत आलेलं आहे.

हे हाताने करून बघण्यासारखं आहे. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या कापा, टोकाला टोक ठेवा आणि प्रत्येक जोडावर एकेक टाचणी टोचा. चौरस तयार झाला. आता एक कोपरा बोटाने ढकला. चौरस निमूटपणे कलतो. पट्ट्यांची लांबी तसूभरही बदललेली नाही, पण आतली जागा मात्र घटत जाते. प्रत्येक बाजू २० मीटरची आहे असं धरलं, तर ताठ उभ्या चौरसात ४०० चौरस मीटर मावतात. कोपरा ६० अंशांवर आला की ३४६. ३० अंशांवर आला की २००. पार आडवाच पाडला तर शून्य. बाजू त्याच आणि उत्तरं हवी तितकी. भास्कराचार्यांचा शब्द आहे ‘अनियत’. चौकोनाची स्थिती अनियत असते, आणि हे ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात त्यांना रस नाही.

आता एक पट्टी काढून टाका आणि उरलेल्या तिघींची टोकं जोडा. ढकला. काही होत नाही. आणखी जोर लावला तर टाचणी उपसून येईल, पुठ्ठा मुडपेल, फाटेलही. पण पट्ट्या शाबूत आहेत तोवर कोन हलायला तयार नाही.

यावरून ‘त्रिकोण हा सर्वांत मजबूत आकार’ असं वाक्य जिथे-तिथे छापलेलं असतं. मला ते फारसं पटत नाही. मजबुती लाकडाची असते, लोखंडाची असते. पुठ्ठ्याचा त्रिकोण पुठ्ठ्याइतकाच मजबूत. त्रिकोणाचा गुण निराळा आहे: तो ठरलेला असतो. तीन लांब्या सांगितल्या की त्याचे कोन, उंची, क्षेत्रफळ, मध्यगा, अंतर्वर्तुळ, परिवर्तुळ, सगळ्याचा निकाल त्याच क्षणी लागलेला असतो; आपण फक्त तो शोधून काढायचा. पुलापासून ताऱ्यांपर्यंत त्रिकोणाने जी कामं केली, ती या एका गुणाच्या भांडवलावर.

शाळेत हे आपण बाबाबा, बाकोबा, कोबाको असं घोकलेलं असतं. आख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा तेव्हा त्यात काही अर्थ असेल अशी शंकाही यायची नाही. अर्थ मात्र साधा आहे. तीन बाजू द्या, किंवा दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन द्या, किंवा दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू द्या. तुम्ही तिकडे काढलेला त्रिकोण आणि मी इकडे काढलेला त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत बसतील. तीनही कोन दिले तर आकार ठरतो, पण आकारमान ठरत नाही. मग हाताएवढा आणि डोंगराएवढा दोन्ही त्रिकोण चालतात. नकाशा आणि प्रत्यक्ष जमीन यांचं नातं हेच. आणि बाबाको? त्याची कसोटी म्हणून कुठेच नोंद नाही, कारण तिथे कधीकधी दोन वेगवेगळे त्रिकोण दिलेल्या मापात बसतात. एक बाजू लोलकासारखी झुलते आणि समोरच्या रेषेला दोन जागी टेकते. आमच्या वेळी हे कुणी करून दाखवलं असतं तर पाठांतराची निम्मी वेळ वाचली असती.

पुन्हा पिशाचाकडे वळतो, कारण त्याला इतिहास आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा आणि ते चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणायचं, ही रीत फार जुनी. इजिप्तमधल्या एडफूच्या देवळावर जमिनींच्या दानाचे लेख कोरलेले आहेत, त्यांत हीच रीत वापरलेली आहे. तिथे त्रिकोणी जमीनही याच साच्यात घातली आहे; चौथ्या बाजूच्या जागी ‘काही नाही’ असं लिहून. ६२८ साली ब्रह्मगुप्तानेही ही रीत दिली, पण तिला ‘स्थूल’ म्हणून बाजूला ठेवलं. या रीतीची एक खोड आहे. ती चुकते तेव्हा नेहमी वरच्या बाजूलाच चुकते. खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कमी उत्तर ती कधीच देत नाही. जमिनीच्या आकारावर सारा घेणाऱ्याला ही रीत किती सोयीची वाटली असेल, हे सांगायला नको.

ब्रह्मगुप्ताचं ‘सूक्ष्म’ सूत्र वेगळं. सगळ्या बाजूंची बेरीज निम्मी करा, ती चार ठिकाणी मांडा, प्रत्येकीतून एकेक बाजू वजा करा, चारही उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात त्याला हे अचूक लागू पडतं, बाकीच्यांना नाही. भास्कराचार्यांनी हेच सूत्र घेऊन त्याला शेपूट जोडलं: चौकोनात हे फळ अस्फुट, त्रिकोणात स्पष्ट. त्रिकोणात चौथी बाजू शून्य, म्हणून चौथ्या ठिकाणी काहीच वजा होत नाही, एवढाच फरक. १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण घ्या. निमबेरीज २१. वजाबाक्या ८, ७, ६. या चौघांचा गुणाकार ७०५६, वर्गमूळ ८४. कोन मोजला नाही, उंची मोजली नाही, काटकोन कुठे शोधला नाही. नुसत्या टेपने क्षेत्रफळ निघालं.

जमीनमोजणीची जुनी शिस्त इथूनच आली. १६२० च्या सुमारास एडमंड गंटरने ६६ फुटांची साखळी रूढ केली. साखळीला फक्त लांबी कळते, कोन कळत नाही. मग शेताचा आकार कितीही वेडावाकडा असो, त्याचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाच्या तीनही बाजूंवर साखळी चालवायची आणि कागदावर कर्कटकाने तेच त्रिकोण उभे करायचे. शिवाय एखादी जादा रेषा मोजून ठेवायची. कागदावर ती रेषा जुळली नाही, तर कुठेतरी कडी मोजायची राहिली. आजही कुणी एखाद्या जागेच्या चार बाजू सांगून ‘किती होईल हो?’ विचारलं, की आधी एक तिरपं माप आणा म्हणावं. पिशाच वगैरे मनातल्या मनात.

तिरप्या मापावरून गवंड्यांची आठवण झाली. ओळखीतल्या एका घराच्या पायाची आखणी चालू होती आणि मी उगाच तिथे घुटमळत होतो. पहिली दोरी ताणून झाली होती. कोपऱ्याच्या खुंटीवर खिळा होता. गवंड्याने त्या खिळ्यापासून दोरीवर ३ मीटर मोजले आणि तिथे लाल दोऱ्याची गाठ मारली. दुसरी दोरी नुसत्या अंदाजाने काटकोनात धरलेली होती. तिच्यावर ४ मीटरवर दुसरी गाठ. मग टेपचं टोक पहिल्या गाठीवर, फीत दुसऱ्या गाठीवर, आणि दुसऱ्या दोरीचं लांबचं टोक धरून उभा असलेला पोरगा गवंड्याच्या हाताकडे बघतोय. ‘आत घे. अजून. बस, बस. बाहेर, जरासं.’ टेपवर बरोबर ५ आले तशी खुंटी ठोकली. चारही कोपरे झाल्यावर त्याने दोन्ही कर्णांची मापं घेतली, ती सारखी आली, आणि मगच चुन्याची फक्की पडली. काटकोन तपासायचा गुण्या त्याच्या पिशवीत होता. तो त्याने बाहेरही काढला नाही.

का काढला नाही, हे नंतर कागदावर मांडून बघितलं. ३ सेंटिमीटर, ४ सेंटिमीटर हेही काटकोन देतात आणि ३ मीटर, ४ मीटर हेही. पण ३०-४०-५० सेंटिमीटरचा छोटा त्रिकोण घेऊन कर्णात एक सेंटिमीटरची चूक झाली, तर कोन सुमारे २.४ अंशांनी बिघडतो. दहा मीटरची भिंत त्या रोखाने नेली तर तिचं टोक साधारण ४२ सेंटिमीटर भरकटतं. तीच एक सेंटिमीटरची चूक ३-४-५ मीटरच्या त्रिकोणात झाली तर टोक ४ सेंटिमीटरच सरकतं. त्रिकोण जितका मोठा तितकी चूक पातळ होते. हातभर गुण्याने दहा मीटरची भिंत आखणं म्हणजे चुकीला वाढायला जागा करून देणं.

आणि यात पायथागोरसचं नाव घेतलं जातं ते अर्धंच खरं आहे. काटकोन असेल तर ९ आणि १६ मिळून २५ होतात, हे पायथागोरसचं प्रमेय. गवंडी उलट्या दिशेने जातो: ३, ४, ५ मोजले, म्हणून काटकोन. हे कशावरून? बाबाबावरून. ३ आणि ४ बाजूंचा काटकोनी त्रिकोण काढला तर त्याचा कर्ण ५ येतोच. आणि ३, ४, ५ बाजूंचा त्रिकोण जगात एकाच आकाराचा असू शकतो. म्हणजे गवंड्याच्या दोरीतला त्रिकोण तोच. दुसरा पर्यायच नाही. चार बाजूंच्या बाबतीत हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर कोसळला असता.

दोरीने काटकोन काढण्याचं हे काम पायथागोरसच्या आधीपासून चालू होतं. बॅबिलोनच्या इ.स.पू. १८०० च्या सुमाराच्या एका मातीच्या पाटीवर काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचे आकडे ओळीने मांडलेले आहेत. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी रचण्याच्या प्राचीन नियमांत, तर विधानच आहे: आयताच्या कर्णावरची दोरी जे क्षेत्र निर्माण करते, ते त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळं निर्माण केलेल्या दोन क्षेत्रांएवढं. तिथे सगळी भूमिती दोरीची आहे. वेदी बांधायची तर दोरी ताणूनच.

‘लीलावती’तली दोन प्रसिद्ध गणितं या नजरेने पुन्हा सोडवून बघितली तर गंमत येते. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो, कुठे मोडला? उत्तर १२ हातांवर. दुसऱ्यात ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या तळाशी सापाचं बीळ आहे, आणि साप २७ हातांवरून बिळाकडे येतोय. दोघं सारखंच अंतर कापून भेटतात, तर बिळापासून किती दूर? उत्तर पुन्हा १२. पहिल्यात बाजू १२, १६, २०. दुसऱ्यात ९, १२, १५. वारा, बांबू, मोर, साप यांच्या आड दोन्हीकडे आपला गवंड्याचा ३-४-५ बसलेला आहे.

बांधलेल्या गोष्टींकडे पाहायची सवय लागली की त्रिकोण दिसायचे थांबत नाहीत. माझ्या खोलीत पुस्तकांचं एक उघडं लोखंडी रॅक होतं; पाठीला पत्रा नाही, बाजूला काही नाही. पुस्तकं भरली की ते डावीकडे झुकायचं. नटबोल्ट आवळले, दोन दिवस ताठ राहिलं, पुन्हा झुकलं. मग मागच्या बाजूला खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत एक पातळ पट्टी तिरपी ठोकली. पट्टी इतकी बारीक की तिच्यावर वजन टांगायची हिंमत होणार नाही. पण रॅक जागच्या जागी खिळलं. पट्टीने वजन उचललंच नव्हतं. तिने फक्त कर्णाची लांबी ठरवून टाकली. झुकायचं तर कर्ण लांब किंवा आखूड व्हायला हवा, आणि त्याची सोय आता उरली नव्हती.

जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ साली याचा हिशेबच मांडला. सपाट सांगाड्यात जितके सांधे असतील त्यांच्या दुपटीतून ३ वजा करा. सांगाडा ताठ राहायला निदान तितके दांडे लागतात. तीन सांध्यांना ३ दांडे: त्रिकोण. चार सांध्यांना ५: चौकोन आणि एक कर्ण. माझ्या रॅकला जी एक पट्टी कमी पडत होती ती या सूत्रात अशी रोखठोक लिहिलेली पाहून बरं वाटलं. अर्थात ते दांडे भलतीकडेच गर्दी करून बसवले तर आकडा जुळूनही सांगाडा डुलतोच, त्यामुळे सूत्र आंधळेपणाने वापरायचं नाही.

रेल्वेच्या लोखंडी पुलावरून जाताना खिडकीसमोरून तिरप्या तुळया सपासप मागे जातात, तेव्हा हेच चाललेलं असतं. समभुज त्रिकोणांची रांग असलेल्या पुलाच्या रचनेचं पेटंट जेम्स वॉरनने १८४८ साली घेतलं. त्रिकोणात बांधलेल्या दांड्याची एक सोय अशी की भार सांध्यावर आला तर त्याला वाकावं लागत नाही. एक तर तो ताणला जातो, नाहीतर दाबला जातो. वाकण्यात लोखंड, लाकूड दोन्ही लवकर हार खातात. ताण आणि दाब दोन्ही त्यांना पेलतात, आणि कुठल्या दांड्यावर किती, हे कागदावर आधी काढता येतं.

उतरत्या छपराची कैची हा याचा घरगुती अवतार. दोन वासे आढ्याशी एकमेकांना टेकतात आणि वजनाखाली पाय फाकवायला बघतात. भिंतींना ते बाहेर ढकलतात. खालची आडवी तुळई दोघांचे पाय धरून ठेवते आणि त्रिकोण पुरा होतो. ती तुळई बघणाऱ्याला निरुपयोगी वाटते, कारण तिच्यावर काही ठेवलेलं नसतं, आणि डोक्याला मात्र लागते. म्हणून माळा मोकळा करताना लोक पहिला घाव तिच्यावरच घालतात. मग काही वर्षांत भिंती बाहेर झुकू लागतात आणि आढं मधोमध बसतं.

चौकोनावर अन्याय नको. त्याचं डळमळणं हीच कित्येक ठिकाणी त्याची नोकरी आहे. गाडी उचलायचा जॅक, छत्रीच्या काड्या, दुमडणारा जाळीचा दरवाजा, काचेवरचे वायपर ही सगळी सांधे जोडलेल्या चौकोनांची करामत. हालचाल हवी तिथे चौकोन, नको तिथे त्याला कर्ण घालून गप्प करायचं.

तिपाई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, चार पायांची खुर्ची डगमगते. कारण तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, चौथ्याचं सांगता येत नाही. संगणकावरच्या खेळांतले डोंगर, चेहरे, गाड्या बारीक त्रिकोणांच्या जाळीने बनवतात त्याचंही एक कारण हेच. चौथा बिंदू आला की ‘हा तुकडा सपाट की मुरडलेला?’ असा प्रश्न उभा राहतो. त्रिकोणाला तो विचारावाच लागत नाही.

पण माझं खरं प्रेम त्रिकोणाच्या दुसऱ्या उद्योगावर आहे: जिथे जाता येत नाही तिथलं अंतर मोजणं. नदीचं पात्र मोजायचंय, होडी नाही. पलीकडच्या काठावरचं एखादं झाड हेरा आणि त्याच्या अगदी समोर उभे राहा. काठाकाठाने ५० पावलं चाला, तिथे काठी रोवा. त्याच दिशेने आणखी ५० पावलं चाला. आता काटकोनात वळून नदीकडे पाठ करून चालत सुटा, आणि मधूनमधून मागे वळून बघा. काठी आणि झाड एका रेषेत दिसलं की थांबा. वळल्यापासून जितकी पावलं चाललात तितकी नदी रुंद. कोबाकोने पाण्यावरचा त्रिकोण उचलून कोरड्या जमिनीवर आणून ठेवला.

हेच काम थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, घेऊन आख्ख्या देशभर केलं की त्याला त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणतात. युक्ती अशी: लांबी मोजणं महाकष्टाचं, कोन मोजणं त्या मानाने सोपं. म्हणून एकच बाजू जीव ओतून मोजायची, तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचे कोन घ्यायचे, की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. त्या नव्या बाजूंवर पुढचे त्रिकोण. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ अशी सुमारे १२ किलोमीटरची पहिली बाजू, म्हणजे पाया, मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी निघाली. त्याचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. लॅम्बटनने ते स्वतः बसून पुन्हा उभं केलं. १८२३ साली काम चालू असतानाच तो हिंगणघाटला वारला. जॉर्ज एव्हरेस्टने साखळी पुढे नेली. पुढे नेपाळात पाऊल ठेवायला मनाई असताना, मैदानातल्या ठाण्यांवरून, १७० किलोमीटरहून जास्त अंतरावरून एका शिखराचे, म्हणजे आजच्या एव्हरेस्टचे, कोन घेतले गेले. राधानाथ सिकदरांनी १८५२ मध्ये त्यांची आकडेमोड केली आणि १८५६ मध्ये उंची जाहीर झाली २९,००२ फूट, म्हणजे सुमारे ८,८४० मीटर. आजचा आकडा ८,८४८.८६ मीटर. शिखराच्या जवळपासही न जाता नऊ मीटरचा फरक.

या कामात तिसरा कोनही आवर्जून मोजत. दोन कळले की तिसरा १८० मधून वजा करून मिळतोच की! मिळतो, म्हणूनच तर मोजायचा. बेरीज जुळली नाही तर यंत्र, हवा किंवा माणूस यांपैकी कुणीतरी चुकलंय. इतकी फुकटातली तपासणी दुसरीकडे कुठे मिळत नाही. फक्त मोठ्या त्रिकोणांत एक घोळ होतो. पृथ्वी गोल आहे, आणि गोलावर बेरीज १८० हून जास्त भरते. उत्तर ध्रुवावरून विषुववृत्तावर उतरा, त्यावरून पाव फेरी मारा, पुन्हा ध्रुवावर जा: तीन काटकोन, बेरीज २७०. सर्वेक्षणातल्या त्रिकोणांत ही वाढ साधारण २०० चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, इतकीच असते. १८२० च्या दशकात गणितज्ञ गाउसने जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मोजणीत तीन डोंगरमाथ्यांचा त्रिकोण घेतला. बाजू सुमारे ६९, ८५ आणि १०७ किलोमीटर. त्यात ही वाढ पंधराएक विकला येते. मोजणीदार ती हिशेबात धरून वजा करतात आणि मग जे उरतं ती खरी चूक.

आता त्रिकोणाची दुखरी जागा. तीन मापांनी तो ठरतो हे खरं, पण किती घट्ट ठरतो ते त्याच्या अंगकाठीवर असतं. मोजणीतला जुना दंडक आहे: कोन ३० अंशांच्या खाली नको आणि १२० च्या वर नको. सुळकेदार त्रिकोणात कोनाची बारीकशी चूक अंतरात अवाढव्य होते. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ॲरिस्टार्कसने अर्धा चंद्र दिसत असताना चंद्र आणि सूर्य यांच्यातला कोन ८७ अंश धरला. अर्ध्या चंद्राच्या वेळी चंद्रापाशी काटकोन असतो, हे त्याने ओळखलं होतं, आणि ती कल्पना लाजवाब होती. उत्तर आलं: सूर्य चंद्राच्या १८ ते २० पट दूर. खरा कोन ८९ अंश ५१ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आहे आणि सूर्य सुमारे ३९० पट दूर. भूमितीत काडीची चूक नाही. कोन फक्त तीनेक अंशांनी चुकला, आणि सूर्य वीसपट जवळ आला.

ताऱ्यांचं अंतर काढायला याहून सुळकेदार त्रिकोण लागतो, आणि पाया हवा तेवढा रुंद करायची सोय नाही. पृथ्वीची कक्षा हाच आपल्याला मिळणारा सर्वांत लांब पाया. सूर्यापर्यंत १५ कोटी किलोमीटर, आरपार ३० कोटी. सहा महिन्यांच्या अंतराने तारा बघायचा आणि तो मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकला ते मोजायचं. १८३८ साली बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्यासाठी हे साधलं. एकूण सरकण्याचा निम्मा, म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढ्याच पायावरचा, कोन आला ०.३१४ विकला. अडीच सेंटिमीटरचं नाणं १६ किलोमीटरवरून जेवढं दिसावं तेवढा. त्यावरून अंतर दहा प्रकाशवर्षांच्या थोडं वर निघालं. आजचं उत्तर ११.४ आहे.

२०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांवर हीच रीत चालवली आणि तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत विकलेच्या दोन-चार लाखांश भागापर्यंत बारीक कोन पकडले. त्याहून दूर गेलं की त्रिकोणाच्या दोन बाजू समांतरच वाटू लागतात. तिथून पुढे दीर्घिकांची अंतरं काढायला सेफाइड ताऱ्यांसारखे दिवे वापरतात: ते किती दिवसांनी लुकलुकतात यावरून त्यांचं मूळ तेज कळतं, आणि ते किती फिकट दिसतात यावरून अंतर. मात्र अमुक दिवसांच्या लुकलुकण्याला अमुक तेज, ही जोडी लावायला आधी काही जवळच्या सेफाइडांचं अंतर दुसऱ्या मार्गाने माहीत असावं लागतं. ते काढताना खगोलशास्त्रज्ञ पुन्हा जानेवारीतलं एक आणि जुलैतलं एक अशी दोन निरीक्षणं घेऊन बसतात.